उपनगरातलं बुशलँड रिझर्व्ह: आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं तिथे काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिडनीत येऊन वर्षच झालंय. पुण्याहून आई-बाबा सप्टेंबर ते नोव्हेंबर राहायला येणार आहेत. उपनगरांत जागोजागी ‘बुशलँड रिझर्व्ह’ (म्हणजे राखून ठेवलेलं मूळचं रान) अशा पाट्या दिसतात, पण आत डोकावलं तर सगळी निलगिरीसारखीच झाडं, वाळका पाचोळा आणि सामसूम. साप-कोळ्यांची धास्तीही वाटते. सत्तरीच्या माणसांना तिथे न्यावं का, आणि नेलं तर दाखवायचं काय?

जरूर न्या. मी सिडनीत बुश रीजनरेशनचं काम करते. म्हणजे अशा रानांत घुसलेलं तण काढायचं आणि मूळची झाडं आपल्या बळावर परत उगवतील अशी जागा करून द्यायची. त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तरच लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: कमी चाला. बहुतेक लोक पाटीपाशी गाडी लावतात, वाट दिसेल तसे चालत सुटतात आणि वीस मिनिटांत पलीकडच्या रस्त्याला लागून ‘काहीच नव्हतं’ म्हणतात. या रानात धबधबा नसतो, पॉइंट नसतो, मंदिर नसतं. जे आहे ते झाडाच्या सालीवर, पाचोळ्याखाली आणि ढोलीत आहे. अर्ध्या किलोमीटरच्या वाटेला दीड तास द्या. गुडघे कुरकुरणाऱ्या आई-बाबांना तर हा वेग सोयीचाच पडतो.

पहिली भेट म्हणून मी हंटर्स हिलमधलं केलीज बुश सुचवेन. सर्क्युलर कीवरून फेरीने वुलिचच्या धक्क्यावर उतरा आणि तिथून चालत किंवा बसने जा. फेरीचा प्रवास आई-बाबांना तसाही आवडेल. रान लहान आहे, जेमतेम पाच हेक्टर, म्हणजे साधारण बारा एकर. पॅरामाटा नदीच्या काठावर उतारावर पसरलेलं आहे, पायऱ्या आहेत, म्हणून काठी असू द्या. स्वच्छतागृहाची सोय निघण्याआधीच उरकून घ्या, आत शोधत बसायला लागू नये.

हे रान अजून उभं का आहे, ते आत शिरण्याआधी बाबांना सांगा. युनियन, संप, मोर्चे पाहिलेल्या पिढीला ही गोष्ट लगेच कळते. इथे नदीकाठी केली नावाच्या उद्योजकाचा कथिल वितळवण्याचा कारखाना होता, आणि कारखाना व घरं यांच्यामध्ये हे रान आडोसा म्हणून राखलेलं होतं. 1960 च्या दशकात कारखाना हलला आणि जागेवर ए. व्ही. जेनिंग्ज या बांधकाम कंपनीची नजर गेली. 25 आलिशान घरांचा आराखडा तयार झाला. 1970 साली शेजारपाजारच्या तेरा बायका एकत्र आल्या. बेटी जेम्स अध्यक्ष, कॅथ लेहानी सचिव. त्यांनी पत्रं लिहिली, आमदार-मंत्र्यांचे उंबरे झिजवले, पण दाद लागेना. शेवटी सुखवस्तू हंटर्स हिलमधल्या या गृहिणींनी थेट बांधकाम मजुरांची युनियन गाठली. तिचे सचिव होते जॅक मंडी, उघड कम्युनिस्ट. युनियनने अट घातली की जाहीर सभा घ्या, लोकांना खरंच हे हवंय ते दाखवा. सभेला सुमारे सहाशे माणसं आली. 1971 च्या जूनमध्ये युनियनने या जागेवर काम करायला नकार दिला. कंपनीने बिगरयुनियन मजूर आणायची भाषा केली, तेव्हा तिच्याच नॉर्थ सिडनीतल्या इमारतीवरच्या मजुरांनी कळवलं की केलीज बुशमधलं एक जरी झाड पडलं, तर ही अर्धवट इमारत कायमची अर्धवटच राहील.

जगातली पहिली ‘ग्रीन बॅन’, म्हणजे हिरवी जागा वाचवण्यासाठी युनियनने कामावर घातलेली बंदी, ती हीच. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसहून अधिक बंद्या झाल्या. तुम्ही आई-बाबांना द रॉक्सच्या जुन्या गल्ल्यांत नेणारच आहात, त्या गल्ल्याही अशाच बंदीमुळे टिकल्या. केलीज बुश सर्वांसाठी मोकळी जागा म्हणून राखायचं राज्य सरकारने 1983 साली जाहीर केलं. मजुरांनी स्वतःच्या रोजगारावर पाणी सोडून शेजारच्या श्रीमंत वस्तीतलं रान वाचवलं, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

आता आत काय पाहायचं ते. ‘सगळी निलगिरीच’ हे निरीक्षण आपल्याकडच्या अनुभवावर बेतलेलं आहे. महाराष्ट्रात आपण पाहतो ती निलगिरी म्हणजे दोन-चार जातींची, रांगेत लावलेली, खाली गवतसुद्धा नसलेली लागवड. इथे निलगिरीच्या सातशेहून जास्त जाती आहेत, आणि एकेका रानात त्यांतल्या कित्येक एकमेकींत मिसळून वाढतात. त्या ओळखायला पानांकडे पाहू नका, पानं फसवतात. साल पाहा.

सुरुवात अँगोफोरापासून करा. याला सिडनी रेड गम म्हणतात, पण हे काटेकोरपणे निलगिरी नव्हे, तिची सख्खी चुलत बहीण. वालुकाश्माच्या कातळावर हे झाड असं उभं असतं की बुंधा दगडावरून ओघळून मग थिजला असावा. इथली झाडं पानझड करत नाहीत, साल झाडतात. अँगोफोराची जुनी राखाडी साल इथल्या वसंताच्या (सप्टेंबर ते नोव्हेंबर) शेवटी, नोव्हेंबरच्या सुमाराला, तुकड्यातुकड्यांनी गळते आणि आतून केशरी-गुलाबी खोड बाहेर येतं. तुमचे आई-बाबा असतानाच हे होणार आहे. म्हणून त्याच झाडापाशी सप्टेंबरात एकदा आणि जाण्याच्या आधी एकदा उभं राहा. नोव्हेंबरात सगळं शहर जकरंडाचे, म्हणजे आपल्या निळमोहराचे, फोटो काढत असतं. जकरंडा सुंदरच, पण तो दक्षिण अमेरिकेतला पाहुणा. त्याच दिवसांत रानात अँगोफोरा कात टाकत असतो आणि तिथे गर्दी नसते.

दुसरं झाड स्क्रिब्ली गम. कोऱ्या पांढुरक्या खोडावर कुणीतरी तपकिरी पेन्सिलीने वेडंवाकडं गिरगटल्यासारखं दिसतं. एका बारीक पतंगाची अळी सालीच्या आत बोगदा खात पुढे जाते, वळते, त्याच बोगद्याला लागून परत येते. वरची साल गळली की तो नकाशा उघडा पडतो. आईंना बोट फिरवून त्या रेषा पाहू द्या, सुरुवातीला बारीक असलेली रेष शेवटाकडे जाड होत जाते, कारण खाता खाता अळी मोठी होत जाते. हे झाड सगळ्या रिझर्व्हमध्ये नसतं, पण वालुकाश्माच्या माथ्यावर हमखास शोधावं. तिसरं ब्लॅकबट, खाली काळपट खडबडीत पायघोळ आणि वर गुळगुळीत. चौथं टर्पेंटाइन, जाड दोरखंडी सालीचं. त्याचं लाकूड समुद्रातले किडे सहसा पोखरत नाहीत, म्हणून सिडनीच्या धक्क्यांचे खांब या लाकडाचे केले जात. ही चार ओळखता आली की ‘सगळी एकसारखी’ हे वाक्य आपोआप बंद होतं.

पानांचं एक मात्र पाहा: ती कुरतडलेली आहेत का. आपल्याकडच्या निलगिरीची पानं बऱ्यापैकी धडधाकट दिसतात, कारण तिला खाणारे बहुतेक किडे तिच्यासोबत समुद्र ओलांडून आले नाहीत. इथे प्रत्येक पानाला भोक, फोड, चावा दिसेल. तीच रानाच्या तब्येतीची खूण. किडे आहेत म्हणून पक्षी आहेत.

आई-बाबांना ओळखीची माणसं भेटल्याचा आनंदही मिळू शकतो. पिवळ्याधमक गोंड्यांची वॉटल म्हणजे बाभळीचं घराणं, सप्टेंबरात तिचा बहर सरत आलेला असतो. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तिच्याच नात्यातली. शी-ओक पाहिलं की दिवेआगर-गुहागरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवेल, कूळ एकच. लिलीपिली तर आपल्या जांभळाची जवळची बहीण. आणि पेरू, जांभूळ, निलगिरी ही सगळी एकाच मोठ्या कुळातली, हे सांगितल्यावर माझ्यासोबत आलेल्या कित्येक आज्या चकित झाल्या आहेत.

एक ओळख मात्र आनंदाची नाही: घाणेरी. आपण जिला टणटणीही म्हणतो, तीच ती रंगीबेरंगी गुच्छांची लँटाना. मध्य-दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आली आणि तशीच इथेही आली, आणि दोन्हीकडे तिने रानं गिळली. रिझर्व्हच्या कडेला, विशेषतः वरच्या घरांच्या मागे आणि पावसाच्या पाण्याच्या नळाच्या तोंडाशी, तिची दाटी दिसेल. याचं कारण समजून घ्या, म्हणजे रान वाचता येतं. इथली वालुकाश्माची माती अत्यंत निकस, फॉस्फरस नगण्य. मूळच्या झाडांना हीच गरिबी मानवते. वरच्या बागांतलं खत, गाड्या धुतल्याचं पाणी, कुंपणापलीकडे भिरकावलेला बागेतला कचरा हे सगळं उताराने खाली येतं आणि माती श्रीमंत होते. मग घाणेरी, प्रिव्हेट, वाँडरिंग जू म्हणून ओळखली जाणारी ट्रॅडेस्कॅन्शिया यांचं फावतं. म्हणून कडेला हिरवंगार आणि रसरशीत दिसतं ते बहुधा आजारी रान, आणि आत गेल्यावर उजाड, काटकुळं, करडं वाटतं ते निरोगी. बाहेरून आत चालताना हा बदल कुठे होतो ती जागा शोधा. मला विचाराल तर संपूर्ण भेटीत शिकण्यासारखं सगळ्यात मोठं ते हेच आहे.

आमच्या कामाची पद्धतही याच निरीक्षणातून निघाली. 1960 च्या दशकात सिडनीच्या मॉसमन उपनगरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी रोज फिरायला जाताना थोडं थोडं तण हाताने उपटत. तोपर्यंतची सरकारी पद्धत म्हणजे सगळ्यात वाईट, तणाने गच्च भरलेला भाग सपाट करायचा. मोकळ्या मातीत दुप्पट तण उगवे. ब्रॅडली बहिणींनी क्रम उलटा केला: चांगल्या रानापासून सुरुवात करून वाईटाकडे सरकायचं, माती शक्य तितकी कमी उकरायची, आणि मूळची रोपं जितक्या वेगाने उगवतील तितक्याच वेगाने पुढे जायचं. एकही रोप लावायचं नाही, मातीतलं बी आपलं आपण येतं. वॉटलचं बी तर दशकानुदशकं जमिनीत जिवंत राहतं. एखाद्या रिझर्व्हमध्ये घाणेरी अर्धीच तोडलेली आणि अर्धी तशीच ठेवलेली दिसली तर काम अर्धवट टाकलंय असं समजू नका. फेअरी-रेन नावाचे निळे चिमुकले पक्षी त्या काटेरी जाळीतच लपतात. आडोसा एकदम काढला तर नॉइझी मायनर नावाचे भांडखोर पक्षी त्यांना हुसकून लावतात. म्हणून आधी शेजारी मूळची झुडपं दाट होऊ द्यायची, मग उरलेली घाणेरी काढायची.

वेळेचं म्हणाल तर सकाळ, सूर्य उगवल्यावर तासाभरात. पहिली दहा मिनिटं एका जागी बसा आणि बोलू नका. माणूस शिरला की रान गप्प होतं, आणि तो स्थिरावला की पुन्हा सुरू होतं. कुकाबरा ऐकू येईलच, तो आपल्या खंड्याच्या घराण्यातला, फक्त पाण्यावाचून रानात सरडे-किडे खाणारा. रेनबो लॉरिकीट नावाचे पोपट ढोलीसाठी भांडताना दिसतील. ढोलीकडे आदराने पाहा: निलगिरीला चांगली ढोली पडायला शंभर वर्षं आणि त्याहून जास्त लागतात, म्हणून वाळलेलं म्हातारं झाड इथे तोडत नाहीत. फाटा तुटल्यासारखी एखादी राखाडी गाठ फांदीवर दिसली तर दुर्बिणीने नीट पाहा, टॉनी फ्रॉगमाउथ असू शकतो. त्याच्याच नात्यातला बेडूकमुख्या पाहायला आपल्याकडचे पक्षीवेडे गोव्याच्या आणि तिळारीच्या जंगलांत पायपीट करतात, इथे तो उपनगरात शांत बसलेला असतो. पाचोळ्यात सळसळ झाली की दचकू नका, बहुतेक वेळा ती सापसुरळी असते, नाहीतर पाचोळा उकरून ढीग रचणारा ब्रश-टर्की.

आता धास्तीचं. साप आहेत, आणि वसंतात ते जागे होतात. लाल पोटाचा काळा साप पाणथळ जागी दिसू शकतो. वाटेवरच चाला, बंद बूट आणि लांब पँट घाला, ओंडका ओलांडण्याआधी पलीकडे पाहा, दगडाच्या फटीत हात घालू नका. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. चावलाच तर जागचं हलायचं नाही, जखम धुवायची नाही, रुंद इलॅस्टिक बँडेज चाव्यापासून सुरू करून पूर्ण हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून तो स्थिर करायचा आणि 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन. फनेल-वेब कोळी चावला तरी हेच. त्याच्या विषावर 1981 पासून प्रतिविष आहे आणि तेव्हापासून या कोळ्याने मृत्यू झाल्याची नोंद नाही. अशी दोन बँडेजं पिशवीत ठेवा आणि फोनवर ‘इमर्जन्सी प्लस’ ॲप घ्या, तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यात दिसतं.

माझ्या मते सापापेक्षा गोचिडीची काळजी जास्त घ्यावी, कारण तिच्याशी गाठ पडण्याची शक्यता खूपच मोठी. वसंत हा तिचा हंगाम. मोजे पँटवर ओढा, टोपी घाला, कपड्यांवर कीटकरोधक फवारा. घरी आल्यावर कानामागे, केसांच्या कडेला, काखेत तपासा आणि कपडे गरम ड्रायरमध्ये टाका. गोचीड चिकटलेली सापडली तर नखाने खेचू नका, चिरडू नका. केमिस्टकडे ती जागीच गोठवणारा स्प्रे मिळतो, तो मारून तिला मरू द्या आणि आपोआप गळू द्या. चिरडली तर तिची लाळ अंगात जाते, आणि काही जणांना त्यातून मांसाची ॲलर्जी जडते. बोकड, मेंढी, गाय, डुक्कर सगळ्यांचंच. सिडनीच्याच डॉ. शेरिल व्हॅन न्युनेन यांनी गोचीड आणि या ॲलर्जीचा संबंध दाखवून दिला. मटणप्रेमी घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चावल्यावर सूज, धाप, चक्कर आली तर लगेच 000. पावसानंतर जळवा लागतात, त्यांचं काही वाटून घेऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅगपाय घरट्याच्या राखणीसाठी डोक्यावर झेपावतात, पण ते रानापेक्षा मोकळ्या मैदानात आणि रस्त्यावर जास्त. टोपी घालून, न पळता, ती जागा ओलांडावी. सोसाट्याचा वारा असेल तर जाऊच नका, मोठ्या फांद्या अवचित कोसळतात. आगीच्या धोक्याच्या दिवशीही नाही.

काही गोष्टी आईंना आधीच सांगून ठेवा. फुलं, पानं, बॅन्क्सियाची बोंडं तोडायची नाहीत. पत्री निवडायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण इथे तोडायला मनाई आहे. पाखरांना दाणे किंवा पोळी घालायची नाही. घरी ते पुण्य, इथे त्याने धटिंगण पक्षीच माजतात आणि नाजूक पक्षी हटतात. फळांच्या साली आणि बिया परत आणायच्या. आणि बूट घासून स्वच्छ करून जायचं, परत आल्यावरही घासायचे. मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलातून एका रानातून दुसऱ्यात जातो. मर्टल रस्ट नावाचा तांबेराही 2010 पासून या राज्यात आहे आणि तो निलगिरी-जांभळाच्या कुळावरच तुटून पडतो. त्याची भुकटी कपड्यांवरूनही पसरते. नदीकाठच्या कातळावर शिंपल्यांचे जुने थर किंवा कोरीव रेषा दिसल्या तर त्यांवर पाय देऊ नका. हा वॉलुमेडेगल लोकांचा प्रदेश आहे, आणि त्या खुणा त्यांच्या पूर्वजांच्या आहेत.

केलीज बुश आवडलं तर पुढचं घराजवळचं निवडा. वेस्टमीड-वेंटवर्थव्हिलकडे राहात असाल तर लेक पॅरामाटा. तिथलं 1856 चं दगडी कमानी धरण बाबांना खिळवून ठेवेल, फक्त शनिवार-रविवारची बार्बेक्यूची गर्दी टाळा. राईडकडे असाल तर फील्ड ऑफ मार्स, जिथे एका तासात टर्पेंटाइनच्या रानातून खारफुटीपर्यंत पोचता. सेंट आइव्हजचं डॅलरिंपल-हे रिझर्व्ह पाहिलंच पाहिजे. शेल नावाच्या खडकापासून झालेल्या सुपीक मातीवरचं उंचच उंच ब्लू गमचं रान, जे एकेकाळी उत्तर सिडनीच्या माथ्यावर पसरलेलं होतं आणि आता तुकड्यांपुरतं उरलंय. नवं नवं रिझर्व्ह शोधण्यापेक्षा मात्र तीन महिन्यांत एकाच ठिकाणी दर आठवड्याला गेलात तर जास्त दिसेल.

आणि तुम्ही स्वतः इथे राहणार आहात, तर आपल्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, बुशकेअर विभागाला फोन करा. बहुतेक ठिकाणी तण काढणाऱ्या स्वयंसेवकांचा गट महिन्यातून एकदा, सकाळी दोन-तीन तास भरतो. हातमोजे आणि हत्यारं तेच देतात, तण ओळखायला शिकवणारा माणूस सोबत असतो, आधीचा अनुभव लागत नाही. लांब बाह्यांचा जुना शर्ट, टोपी आणि पाण्याची बाटली एवढं तुमचं तुम्ही न्या.